आधी निरोप, मग प्रवेश

अर्जमास्तरांनी उभ्या आयुष्यात एकही कागद उलटा लावला नव्हता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे काही झालं ते ऐकल्यावर लोक पहिला संशय त्यांच्यावरच घेतात आणि मग मास्तरांना जेवण जात नाही. त्यांच्या घरी वर्तमानपत्रसुद्धा वाचून झाल्यावर पानांच्या क्रमानेच घडी होऊन ठेवलं जातं. एकदा मेहुण्याने सकाळी सकाळी मधलं पान ओढून वाचायला घेतलं, तर तो परत जाईपर्यंत मास्तर त्याच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलले. बायको म्हणाली, "अहो, माझा भाऊ आहे तो." मास्तर म्हणाले, "म्हणून तर बोलतोय."

तर हे मास्तर एका व्यवसाय प्रशिक्षण संस्थेत शिकवायचे. खाली वायरमन, मधल्या मजल्यावर शिवण आणि केशरचना, आणि वरच्या मजल्याच्या पार टोकाला, पाण्याच्या टाकीचा आवाज ऐकू येईल अशा खोलीत, एक वर्षाचा 'व्यावसायिक लेखन' हा वर्ग. कविता नाही, कथा नाही. अर्ज, तक्रार, सूचना, अहवाल. "ज्या लेखनावाचून जगाचं अडतं आणि ज्याला कुणी टाळी वाजवत नाही, ते आपलं," असं मास्तर दरवर्षी सांगत आणि दरवर्षी स्वतःच थोडे हळवे होत. त्यांना अर्जमास्तर हे नाव आधी पाठीमागे पडलं, मग तोंडावर पडलं, आणि शेवटी त्यांनीच ते घराच्या पाटीवर लावायचं तेवढं बाकी ठेवलं.

मास्तरांचा एक मंत्र होता. जे करायचं तेच लिहा. जे लिहिलंय तेच करा. आणि एकदा क्रमांक पडला की पान हलवू नका. हा मंत्र त्यांनी इतक्या जणांच्या डोक्यात इतका घट्ट बसवला होता की संस्थेच्या प्राचार्यबाई, ज्या त्यांच्याच विद्यार्थिनी, आणि ऑफिसातले शिक्केकाका, तेही त्यांचेच विद्यार्थी, झोपेतून उठवलं तरी तो म्हणून दाखवतील. आपण पेरलं ते आपल्याच अंगणात उगवणार आहे, याची मास्तरांना तेव्हा काय कल्पना!

वरच्या कार्यालयातून एक दिवस फर्मान आलं. सगळ्या अभ्यासक्रमांची रचना बदला. जो बदलणार नाही तो बंद. आणि वर्षअखेरीस ज्याचा हजेरीपट रिकामा असेल तोही बंद. त्याची खोली गरजू विभागाला देण्यात येईल. 'गरजू विभाग' हे शब्द वाचून होईपर्यंत केशरचनेच्या बाई मापाची पट्टी घेऊन मास्तरांच्या वर्गात हजर. त्या खोलीच्या कोपऱ्यात पूर्वीच्या कुठल्याशा प्रयोगशाळेचं बेसिन शिल्लक होतं, आणि बाईंचा त्या बेसिनवर फार दिवसांपासून डोळा होता.

"सर, तुमचं चालू द्या," बाई खिडकीपासून फळ्यापर्यंत पट्टी लावत म्हणाल्या. "मी नुसतं माप घेतेय. तुमचा फळा इथून काढला तर डोकी धुवायच्या दोन खुर्च्या सहज बसतात."

या खोलीत मास्तरांचे केस काळ्याचे पांढरे झाले होते, आणि आता तिथे लोकांचे पांढऱ्याचे काळे होणार होते.

रचना बदलायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र फर्मानात कुठेच नव्हतं. मास्तरांनी ही अडचण चुकून घरच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये बोलून दाखवली. आपली अडचण लिफ्टमध्ये कधी बोलू नये. तिथून ऐकणाऱ्याला पळताही येत नाही आणि मग तो सूड म्हणून सल्ला देतो. वरच्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, "तुकडे पाडा, मास्तर. आमच्याकडे एका खिडकीचं काम पाच खिडक्यांत वाटलं होतं. काम वाढलं नाही, पण रचना काय दिसायची!" समोरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "तुकडे पाडा, पण एका बैठकीत एकच. आणि दुखेल हे आधी सांगू नका." हे दोघे मग तुकडे किती मोठे असावेत यावर इतके भांडले की लिफ्ट दोनदा खाली-वर झाली आणि मास्तर आपल्या मजल्यावर उतरायचे राहिले.

घरी बायको भाजी निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मान वर न करता म्हणाली, "आहे तेच द्या आणि वर 'नवीन' लिहा. मी वर्षानुवर्षं तुमच्या डब्यात काय करते असं तुम्हाला वाटतं?"

मास्तरांना डब्याचं वाईट वाटलं, पण सल्ला पटला. त्यांनी आपला जुनाच अभ्यासक्रम घेतला, त्याचे घटक पाडले आणि एकेका घटकाला एकेक स्वतंत्र पान दिलं. पहिलं पान प्रवेशाची मुलाखत. मग लेखनाची ओळख, साधं वाक्य, अर्ज, सूचना, अहवाल. मग प्रत्यक्ष काम, उजळणी, परीक्षा, आणि शेवटचं पान निरोप समारंभ व प्रमाणपत्र वाटप. प्रवेशाच्या पानावर त्यांची एक जुनी अटही होती: ज्याचा हा अभ्यासक्रम आधीच झालेला आहे, त्याला प्रवेश नाही. ही अट एका गृहस्थांमुळे घालावी लागली होती. ते दर उन्हाळ्यात पंख्याखाली बसायला म्हणून पुन्हा पुन्हा नाव घालत आणि मागच्या बाकावर घोरत. म्हणून मुलाखतीत तीन प्रश्न विचारायचे. तिन्हींची उत्तरं आली, की हा आधी शिकलेला आहे असं समजून बाहेरचा रस्ता दाखवायचा.

पानं त्यांनी संस्थेच्या ऑफिसात छापायला दिली आणि निर्धास्त मनाने चहा प्यायला गेले. आता त्या छपाईच्या यंत्राची खोड अशी की पहिलं पान आधी बाहेर येतं, त्यावर दुसरं, त्यावर तिसरं. सगळी छपाई संपली की शेवटचं पान सगळ्यात वर. शिक्केकाकांनी तो गठ्ठा उचलला, वर होता तसाच वर ठेवला, टाचला, आणि दाबला की आपोआप पुढचा आकडा उमटवणारा आपला लाडका शिक्का हाती घेतला. खट्. निरोप समारंभ, एक. खट्. परीक्षा, दोन. असं करत करत प्रवेशाची मुलाखत सगळ्यांत शेवटी गेली. मग प्राचार्यबाईंनी सही केली आणि कागद वर गेले.

खरं तर वरून काही उत्तर येईल अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. पण आलं, आणि तेही अभिनंदनाचं. 'शेवटापासून सुरुवात करणारी ही धाडसी रचना पाहून कार्यालय थक्क झाले आहे,' असं त्यात म्हटलं होतं. शिवणवाल्यांनी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली, वायरमनवाल्यांनी हात जोडले. धाडसी! ज्या माणसाने आयुष्यात कधी रस्ता ओलांडताना धाडस केलं नाही, तो धाडसी! मास्तरांनी मंजूर प्रत उघडली आणि कपाळाला हात लावला. मग ती प्रत घेऊन ते तडक प्राचार्यबाईंच्या खोलीत शिरले.

"बाई, हे उलटं लागलंय. टाचणी काढा, पानं सुलट करा, विषय संपवा."

प्राचार्यबाईंनी चष्मा लावला, पानं चाळली आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "सर, यावर क्रमांक पडलेत."

"ते दिसतंय मला!"

"सर, तुम्हीच शिकवलंत ना. क्रमांक पडला की पान हलवायचं नाही. माझ्या परीक्षेत मी एक पान हलवलं होतं, तर तुम्ही मला दारात उभं केलं होतं." बाईंच्या आवाजात तक्रार नव्हती, भक्ती होती, त्यामुळे मास्तरांना ओरडताही येईना.

शिक्केकाका मधे पडले. "दुरुस्तीचा अर्ज करता येतो की, सर. नियमात आहे."

"मग आणा अर्ज!"

"पण मंजूर रचना एकदा पूर्ण राबवून झाल्यावरच. त्याआधी नाही. आणि दुसरं असं, सर, की हजेरीपटावर नाव चढतं ते प्रवेश झाल्यावर. प्रवेश आता शेवटच्या घटकात आहे. तेव्हा वर्षभर पट कोराच राहणार."

मास्तरांनी बोटांवर हिशेब मांडला. पट कोरा, म्हणजे वर्ग रिकामा. वर्ग रिकामा, म्हणजे खोली गरजू विभागाला. दाराबाहेर कुणीतरी मापाची पट्टी खळकन गुंडाळल्याचा आवाज आला.

वर्ग सुरू व्हायच्या दिवशी लोक नाव घालायला म्हणून आले आणि त्यांना रांगेने निरोप समारंभाला बसवण्यात आलं. त्यात एक निवृत्त बस कंडक्टर होते, एक नर्सबाई होत्या, एक शिंपी होता, आणि आणखी बाकं भरतील एवढी माणसं होती. शिक्केकाकांनी फळ्यावर रंगीत खडूने 'पुन्हा भेटू' लिहिलं. चहा-बिस्किटं फिरली. मग विद्यार्थ्यांची मनोगतं.

कंडक्टर उठले. "मी, म्हणजे आम्ही सगळे, या वर्गात... सकाळपासून... आलो. सरांची आणि माझी ओळख जिन्यात झाली. ती मी कधी विसरणार नाही." टाळ्या पडल्या. नर्सबाई तर उठल्या आणि रडायलाच लागल्या. "मला निरोप म्हटलं की येतंच," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले आणि शेजारच्या अनोळखी बाईच्या गळ्यात पडल्या. ती अनोळखी बाई चुकून खालच्या मजल्यावरून वर आलेली, केस कापायला आली होती. पण तिलाही गहिवरून आलं.

मास्तरांनीही दरवर्षीचं भाषण केलं, कारण त्यांना दुसरं येत नव्हतं. "आज तुम्ही इथून बाहेर पडताय. पण कधीही काही अडलं तर हक्काने या. हा वर्ग तुमचाच आहे." मग सगळ्यांना 'अभ्यासक्रम प्रथम श्रेणीत पूर्ण केला' अशी प्रमाणपत्रं मिळाली, फोटो निघाला, आणि लोक प्रमाणपत्रं छातीशी धरून पांगले. मास्तरांनी रिकाम्या वर्गात फळा पुसला. संपलं सगळं, त्यांना वाटलं. प्रमाणपत्र हातात पडल्यावर उद्या कोण कशाला येईल? घरी जाऊन ते उताणे पडले. बायकोने विचारलं, "पहिला दिवस कसा गेला?" ते म्हणाले, "शेवटचा."

दुसऱ्या दिवशी नुसतं कुलूप उघडायचं म्हणून ते वर गेले, तर बाकं भरलेली. मास्तर दारातच थबकले.

"तुम्ही? तुमचं झालं ना?"

कंडक्टर म्हणाले, "काल तुम्हीच म्हणालात ना सर, काही अडलं तर हक्काने या. आज अडलंय."

"काय अडलंय?"

"काहीच येत नाही."

रचनेप्रमाणे त्या दिवशी परीक्षा होती, ती मास्तरांनी घेतली. पाण्याच्या टाकीबद्दल तक्रार अर्ज लिहा, असा प्रश्न. तास संपला तेव्हा बहुतेकांच्या उत्तरपत्रिका नव्यासारख्या होत्या. शिंपी आपली घेऊन उभा राहिला आणि मान खाली घालून म्हणाला, "सर, गिऱ्हाइकाकडून पूर्ण मजुरी घेतली आणि कापडाला कात्रीच लावली नाही, असं वाटतंय. ते प्रथम श्रेणीचं प्रमाणपत्र मी घरी भिंतीकडे तोंड करून ठेवलंय." इतक्या वर्षांत परीक्षेनंतर 'सोपी होती, अवघड होती' यापलीकडे मास्तरांनी काही ऐकलं नव्हतं. शिकवलं नाही म्हणून कुणाला झोंबलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढचा घटक उजळणी. जे शिकवलंच नाही त्याची उजळणी कशी करायची, हा प्रश्न होताच. प्राचार्यबाई दारातून डोकावून विचारत, "उजळणी चालू आहे ना, सर?" मास्तर उत्तर देत, "चालू आहे. कुणालाच काही आठवत नाहीये." बाई समाधानाने जात, कारण हे खरं होतं आणि लिहिल्याबरहुकूम होतं.

पण खरी शोभा झाली ती प्रत्यक्ष कामाच्या घटकात. या घटकात विद्यार्थ्यांनी बाहेरच्या एखाद्या ठिकाणी जाऊन लेखनाचं काम करून द्यायचं असतं. दुसरीकडे कुठे या मंडळींना पाठवायची मास्तरांची छाती होईना, म्हणून त्यांनी आपण राहतो तीच इमारत पुढे केली. घरचंच आहे, सांभाळून घेतील, असं त्यांना वाटलं. माणूस चुकतो तो इथेच.

कंडक्टरनी लिफ्टसाठी सूचना लिहिली: 'पुढे सरका, मागे भरपूर जागा आहे. सुट्टे उभे राहू नका. शेवटच्या मजल्यावर सर्वांनी उतरावे.' नर्सबाईंनी पाण्याची वेळ कळवली: 'पाणी दिवसातून दोन वेळा, जेवणानंतर. त्रास वाटल्यास टाकीला दाखवावे.' शिंप्याने जिन्याच्या कठड्यावर अहवाल दिला: 'कठडा कमरेत ढिला असून उंचीला आखूड आहे. थोडा सोडवून द्यावा. पुढच्या आठवड्यात घालून बघायला यावे.'

बँकवाले काका हे छापील अक्षर पाळणाऱ्यांपैकी. त्यांनी सूचना वाचली आणि ते रोज शेवटच्या मजल्यावर उतरून आपल्या मजल्यापर्यंत जिना उतरू लागले. गुडघे धरून धरून उतरायचे, पण उतरायचे. दुपारच्या जेवणाआधी कुणी नळ सोडला तर त्याला हटकायचे. कठडा 'घालून बघायचा' म्हणजे काय करायचं, हे विचारायला मात्र ते मास्तरांच्या घरी आले, आणि येताना अर्धी इमारत घेऊन आले.

"हे तुमचे प्रथम श्रेणीवाले?" दातांचे डॉक्टर कागद फडकवत म्हणाले.

"होय," मास्तर म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"मास्तर, तुमच्या जागी मी असतो तर दारावरची पाटी बदलली असती."

मास्तरांचे कान लाल झाले. बायकोने सगळ्यांना पाणी दिलं, तेही जेवण झालंय का असं प्रत्येकाला विचारून. त्यामुळे ते अधिकच लाल झाले. त्या दिवशी ते वर्गात गेले आणि तिन्ही कागद फळ्यावर लावले. मग नुसतं म्हणाले, "माझे शेजारी माझ्या घरात येऊन हसून गेले." एवढंच. आवाज चढवला नाही. पण नर्सबाईंनी पदर तोंडाशी धरला आणि कंडक्टर खिडकीबाहेर बघायला लागले.

आणि मग गंमत अशी झाली की इथून पुढे शिकवणं राहिलं होतं. अहवाल, सूचना, अर्ज, साधं वाक्य, ओळख. सगळं उलट्या क्रमाने, पण शिकवणं. एरवी मास्तर अर्ज शिकवत तेव्हा अर्धा वर्ग घड्याळाकडे बघायचा, कारण अर्ज कशाला शिकायचा हेच कुणाला ठाऊक नसायचं. या लोकांना ते चांगलंच ठाऊक होतं. मास्तरांची मान खाली गेलेली त्यांनी पाहिली होती. शिंपी एकेका वाक्यापाशी अडून बसायचा, "सर, हे कुणी दुसऱ्याच अर्थाने वाचलं तर?" नर्सबाई प्रत्येक सूचना आधी शेजारणीला वाचायला द्यायच्या आणि ती काय करते ते बघायच्या. कंडक्टरनी लिफ्टची पाटी किती वेळा लिहिली याला गणती नाही. शेवटी एक दिवस त्यांनी नवी पाटी लावली: 'आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या. मग आत या. आपल्या मजल्यावर उतरा.' बँकवाल्या काकांनी ती उभ्याउभ्या दोनदा वाचली, आपल्या मजल्यावर उतरले, आणि काकूंना हाक मारून म्हणाले, "अगं ऐकलंस का, परवानगी मिळाली!"

मास्तर आतून इतके सुखावले होते की त्यांना भीतीच वाटू लागली. साधं वाक्य शिकवून झालं, लेखन म्हणजे काय हेही सांगून झालं, आणि वर्षाचा शेवटचा घटक दारात येऊन उभा राहिला: प्रवेशाची मुलाखत. आणि ती बघायला वरच्या कार्यालयातून तपासनीस साहेब येणार होते.

मास्तरांना ती जुनी अट आठवली. तीन प्रश्न. उत्तरं आली, तर आधीच शिकलेला, प्रवेश नाही. प्रवेश नाही, तर पट कोरा. पट कोरा, तर वर्ग बंद. आणि उत्तरं आली नाहीत, तर वर्षभर मास्तरांनी केलं काय?

"तुम्ही डोळेझाक करा," बायको म्हणाली.

"अट माझी आहे. मीच लिहिली आहे."

"मग भोगा," ती म्हणाली, पण त्या दिवशी डब्यात खरोखरच काहीतरी नवीन होतं.

वर्गालाही परिस्थिती कळली होती. जिन्यात सगळ्यांनी मिळून ठरवलं की आपण काहीच येत नाही असं दाखवायचं. तपासनीस साहेब खुर्चीत बसले. बाजूला प्राचार्यबाई, शिक्केकाका, आणि काही काम नसताना केशरचनेच्या बाई, पट्टीसकट. कोरा पट टेबलावर उघडा होता.

कंडक्टर आत आले. मास्तरांनी विचारलं, "अर्जात विषय कुठे लिहितात?"

"मागच्या बाजूला," कंडक्टर छाती काढून म्हणाले.

"तक्रारीत आधी काय सांगायचं?"

"शिव्या."

"सूचना कुणासाठी लिहायची?"

कंडक्टरच्या कपाळावरची शीर उडू लागली. त्यांनी मास्तरांकडे बघितलं, तपासनीस साहेबांकडे बघितलं, आणि मग एकदम टेबलावर हात आपटून म्हणाले, "नाही जमत, सर! जो पहिल्यांदाच वाचणार आहे आणि घाईत आहे, त्याच्यासाठी लिहायची! विषय मायन्याआधी, एका ओळीत! तक्रारीत आधी काय झालं ते, मग काय हवं ते! माफ करा, तोंडातून चुकीचं निघेचना!"

नर्सबाईंनी पहिल्याच प्रश्नाला खोटं उत्तर दिलं आणि लगेच जीभ चावून बरोबर दिलं. शिंपी तर चुकीचं बोललाच नाही. "बिघडवलेला कपडा मी हाताने गिऱ्हाइकाला देत नाही, सर," असं म्हणून त्याने तिन्ही उत्तरं दिली आणि चौथं, न विचारलेलंही दिलं. एकामागून एक सगळे आले आणि सगळे उत्तीर्ण, म्हणजे नापास झाले. मास्तर प्रत्येकाच्या नावापुढे 'प्रवेश नाही' लिहीत होते आणि लिहिताना त्यांना रडूही येत होतं आणि छातीही फुगत होती. इतका चांगला वर्ग त्यांना कधीच मिळाला नव्हता, आणि त्यातल्या एकालाही ते आत घेऊ शकत नव्हते.

"म्हणजे पट कोरा," तपासनीस साहेब पेन उघडत म्हणाले. केशरचनेच्या बाई बेसिनचा नळ सोडून पाणी येतंय का ते बघू लागल्या.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. सगळा वर्ग बाहेर उभा होता. कंडक्टरनी एक कागद पुढे केला, आधी शिक्केकाकांपुढे. काकांनी सवयीने शिक्का मारला. खट्.

तपासनीस साहेबांनी कागद मोठ्याने वाचला. "विषय: प्रवेश नाकारल्याबद्दल शिक्षकांविरुद्ध तक्रार." मास्तर ताठ झाले. साहेब पुढे वाचू लागले. "आम्हाला हा अभ्यासक्रम आधीच येतो, असे म्हणून सदर शिक्षकांनी आज प्रवेश नाकारला. हे नोंदींशी विसंगत आहे. संस्थेच्या हजेरीपटानुसार आम्ही या वर्गात एकही दिवस बसलेलो नाही. आमच्याकडे प्रमाणपत्रे आहेत, हे खरे. पण ती आम्ही प्रथमच संस्थेत आलो त्या दिवसाची आहेत, आणि अभ्यासक्रमाचा कालावधी एक वर्ष आहे. तो एका दिवसात झालेला असू शकत नाही. सबब आमचा हा अभ्यासक्रम झालेला नाही. तरीही सदर शिक्षक आम्हाला अज्ञानी मानण्यास तयार नाहीत. कृपया आम्हाला प्रवेश द्यावा. सोबत: कोरा हजेरीपट."

साहेबांनी कागद उलटून पाहिला, पुन्हा सुलट केला. "नोकरी लागल्यापासून," ते हळूच म्हणाले, "मला पहिल्याच वाचनात कळलेला हा पहिला अर्ज आहे." मग ते शिक्केकाकांकडे वळले. "पण यांना उत्तरं तर आली."

"आली," शिक्केकाका म्हणाले, "पण कागदोपत्री आलेली नाहीत, साहेब."

मास्तरांनी तो कागद साहेबांच्या हातून जवळजवळ हिसकावूनच घेतला. विषय मायन्याआधी, एका ओळीत. आधी काय झालं ते, मग काय हवं ते. कुठेही आवाज चढलेला नाही. स्वतःविरुद्धची ती तक्रार वाचताना त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. "यात एक शब्द हलवता येणार नाही," ते म्हणाले. "एक शब्द नाही."

साहेबांनी तिथल्या तिथे आदेश दिला: तक्रार रास्त, सर्वांना प्रवेश द्यावा, शिक्षकांना समज द्यावी. शिक्केकाकांनी पट पुढे ओढला आणि एकेक नाव चढवायला घेतलं. कोरं पान भरत भरत खालपर्यंत गेलं. केशरचनेच्या बाईंनी नळ बंद केला, पट्टी गुंडाळली, आणि जाता जाता, कुणाला न कळेल असं, कंडक्टरना विचारलं, "माझ्या विभागासाठी पाण्याच्या जोडणीचा अर्ज लिहून द्याल का हो?"

मास्तरांना समज मिळाली, तीही लेखी. ती त्यांनी घरी नेऊन बायकोला दाखवली. "यात काय आनंद मानायचा?" ती म्हणाली. "अगं, माझ्या पोरांनी मिळवून दिली," असं म्हणून त्यांनी ती काचेत बसवली. तिथे आधी त्यांच्या सत्काराचा फोटो होता.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यबाई मास्तरांच्या वर्गात आल्या. हातात मंजूर रचनेची ती मूळ प्रत आणि टाचणी काढायचा चिमटा. "सर, रचना एकदा पूर्ण राबवून झाली. आता दुरुस्तीचा अर्ज चालतो. तुम्ही म्हणाल तर आत्ता टाचणी काढते, पानं सुलट लावते. वर्षभर तुम्हाला झोप नाही, मला माहीत आहे."

मास्तरांनी चिमट्याकडे पाहिलं. बाकांवर सगळे बसले होते. पट भरलेला असल्यामुळे आणि नव्या वर्षाचा पहिला घटक रचनेप्रमाणे निरोपाचाच असल्यामुळे, शिक्केकाकांनी फळ्यावर रंगीत खडूने पुन्हा 'पुन्हा भेटू' लिहून ठेवलं होतं. चहा येत होता. कंडक्टर मनोगतासाठी उभे राहिले, आणि "सर," एवढंच म्हणून खाली बसले. नर्सबाईंना या वेळी रडू आलं नाही. त्या फक्त मास्तरांकडे बघत राहिल्या. निरोप समारंभ चालू होता आणि कुणीही कुठेही जाणार नव्हतं.

मास्तरांनी प्रत हातात घेतली, घरच्या वर्तमानपत्रासारखी तिची कड नीट बसवली, आणि टाचणीसकट बाईंना परत दिली.

"राहू द्या, बाई," ते म्हणाले. "क्रमांक पडलेत. आता पान हलवायचं नाही."